संशयकल्लोळ बसवताना: कृत्तिकेची खिडकी, डबे आणि तीन तसबिरी

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा संशयकल्लोळ करायचं ठरलंय. नाशिकच्या गंगापूर रोडवरची सोसायटी, क्लबहाऊससमोर २० बाय १४ फुटांचा स्टेज, सगळे हौशी, पदं म्हणू शकणारे फक्त दोघं. काटछाट आणि दिग्दर्शन माझ्याकडे. जुनं संगीत नाटक दीड तासात बसवायचा घाट अजून कुणी घातला तर आमच्या चुका त्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. नटांची नावं देत नाहीये, भूमिकेच्या नावानेच लिहितेय, तालमीतही आम्ही तसंच बोलावतो.

२९ जून, रविवार

पहिलं वाचन. प्रत सार्वजनिक वाचनालयातून आणली, झेरॉक्स काढल्या. रॉयल्टीचा प्रश्न नाही, नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले आणि कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवती रस्त्यात चक्कर येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते खिडकीतून बघते आणि तिचं डोकं फिरतं. रेवतीच्या हातातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडलेली असते, ती कृत्तिकेला सापडते, ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव येतो आणि आता त्याचं डोकं फिरतं. पुढचं सगळं नाटक या दोन गोष्टींवर चालतं. महिने आणि नक्षत्रांची नावं ऐकून पोरांना मजा वाटली, फाल्गुनरावाच्या नोकराचं भादव्या हे नाव तर लगेच हिट झालं.

मूळ धागा फ्रान्सचा. मोलियरचं ‘स्गानारेल’ १६६० चं, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्लिशमध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिलं, त्यावरून देवलांनी आधी १८९३ मध्ये गद्य ‘फाल्गुनराव’ केलं आणि मग त्याचंच संगीत संशयकल्लोळ झालं. म्हणजे अडीचशे वर्षांत भाषा बदलली, कपडे बदलले, पण चक्कर आणि तसबीर कुणी काढली नाही. म्हणून काटछाटीत हे दोन प्रसंग अख्खे ठेवायचे एवढं आजच ठरवून टाकलं.

६ जुलै, आषाढी

तालीम नाही. घरी बसून कात्री लावली. साडेपाच तास गेले. पदं पाच ठेवली, बाकी संवाद. स्टॉपवॉच लावून स्वतःशी वाचलं तर १ तास १० मिनिटं. रात्री सगळ्यांना पीडीएफ पाठवली आणि खूष होऊन झोपले.

१२ जुलै, शनिवार

काटछाट फसली. वाचन सुरू झालं आणि विसाव्या मिनिटाला कळलं की काहीतरी चुकतंय. फाल्गुनरावाच्या प्रत्येक वाक्याला लोक हसत होते पण त्याच्या बाजूने हसत होते, आणि कृत्तिका आली की ‘आली बया’ असं हसत होते. तिचं पात्र भांडकुदळ बायको एवढंच उरलं होतं. वाचन संपल्यावर पेन घेऊन मोजलं, माझ्या प्रतीत फाल्गुनरावाच्या १४ एन्ट्र्या आणि कृत्तिकेच्या ५.

असं का झालं ते शोधत बसले. मी कापताना एकच प्रश्न विचारत होते, ‘याने गोष्ट पुढे जाते का?’ फाल्गुनराव पगडी घालतो, बाहेर पडतो, याला विचारतो, त्याला गाठतो, भादव्याला पाळतीवर लावतो. त्याचा संशय चालता बोलता आहे म्हणून त्याच्या प्रत्येक प्रवेशाने गोष्ट पुढे जाते. कृत्तिकेचा संशय तेवढाच मोठा, पण तिच्याकडे घर आहे, खिडकी आहे आणि बोलणं आहे. तिचं बोलणं मी ‘लांबण’ म्हणून कापलं, आणि बोलणं कापल्यावर त्या बाईकडे काही राहतच नाही. तिला का वाटतंय हे गेलं, फक्त ओरडणं राहिलं.

या नाटकाची खरी गंमत अशी की दोघंही सारखेच चुकतात. नवरा शहाणा आणि बायको संशयी असं नाही, उलटही नाही. हा तराजू एका बाजूला कलंडला की उरतो नवरा-बायकोवरचा नेहमीचा विनोद, जो व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फुकट येतो, त्यासाठी देवल कशाला हवेत.

दुरुस्ती: कृत्तिकेचे चार तुकडे परत घातले, फाल्गुनरावाच्या चौकशीचे दोन प्रवेश एकत्र केले. वेळ झाली १ तास २५. आता एन्ट्र्या ११ आणि ९. काटछाट करताना आधी प्रत्येक पात्राच्या एन्ट्र्या मोजून कागदावर लिहा, मी हे शेवटी केलं त्यात आठवडा गेला.

२० जुलै, रविवार

दोन वाईट बातम्या.

एक, कमिटीने प्रयोग ३१ ऑगस्टला जाहीर केला, रविवार आहे, गर्दी होईल म्हणून. त्या दिवशी गौरी आवाहन आहे! १ तारखेला पूजन. नाटकात बायका चार, पडद्यामागे अजून दोन, आणि प्रेक्षकांतल्या निम्म्या बायका त्या दिवशी घरात पावलं काढत असणार. तारीख ठरवणाऱ्या मीटिंगला एकही बाई नव्हती, मीही नव्हते, बोलावलं होतं पण गेले नाही, ती माझी चूक. बोलून बोलून ४ सप्टेंबर, गुरुवार करून घेतलं. फ्लेक्स छापून झाला होता, तो वाया.

दोन, कृत्तिकेने नाटक सोडलं. बँकेत नोकरी, घरी यायला सात वाजतात, तालीम आठला. घरून कुणी नाही म्हणालं नव्हतं. पण आठ वाजता पोळ्या कोण करणार हे कुणी विचारलंही नव्हतं. तिने तीन आठवडे सव्वासातला घरी येऊन धावपळीत स्वयंपाक करून तालीम केली आणि मग फोन करून म्हणाली, ‘ताई, मला जमत नाहीये, तुम्ही दुसरी बघा.’

२२ ते २७ जुलै

दुसरी कुणी मिळेना. मग एकाने सुचवलं की पुरुषाने करावी. कल्पना वाईट नव्हती, १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत रेवती बालगंधर्वांनीच केली होती आणि समोर फाल्गुनराव गणपतराव बोडस. आमच्यातला एक मुलगा तयार झाला. त्याने मनापासून मेहनत घेतली, नऊवारी नेसून चालायला शिकला, बसायला शिकला, आवाज न चोरता बोलायचा. सहा दिवस तालीम केली.

नाही जमलं, आणि दोष त्याचा नाही. त्या काळचा प्रेक्षक स्त्रीपार्टीच बघत मोठा झाला होता, त्याला पदराखाली बाईच दिसायची. आमच्या क्लबहाऊसमधल्या लोकांना पदराखाली शेजारचा मुलगा दिसत होता. त्याने पदर सावरला की हशा, ठुशीला हात लावला की हशा. कृत्तिका रडते तिथे सगळ्यात जास्त हसले. हसू संशयावर यायला हवं, ते साडीवर येत होतं. रविवारी तालमीनंतर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, त्याचंही तेच मत होतं. तो आता भादव्या करतोय आणि झकास करतोय.

सहा तालमी गेल्या, नऊवारीचं भाडं गेलं.

२ ऑगस्ट, शनिवार

परत कृत्तिकेच्या घरी गेले. जाताना वही घेऊन गेले कारण एक गोष्ट मला टोचत होती. आमचा फाल्गुनराव अंबडला कंपनीत आहे, त्याची सेकंड शिफ्ट लागली की आम्ही वेळापत्रक बदलायचो. तीनदा बदललं. कुणी एक शब्द बोललं नाही, नोकरी आहे म्हणाले, बरोबरच आहे. कृत्तिकेला अडचण आली तेव्हा आम्ही वेळापत्रक नाही बदललं, थेट नट बदलला. आणि हे मी केलं, दिग्दर्शक बाई असून.

आता नवं वेळापत्रक असं: शनिवारी दुपारी ४ ते ६, मंगळवार, गुरुवार रात्री सव्वानऊ ते अकरा, रविवारी संध्याकाळी ६ ते ९. ठरलेल्या तालमींच्या दिवशी, ज्यांच्यावर घरचा स्वयंपाक आहे त्या सहा जणींच्या घरी डबा, नाटकाच्या खर्चातून. कॉलनीतल्या पोळीभाजीवाल्या मावशींनी ६० रुपयाला डबा कबूल केला. कमिटीत प्रश्न आला की डबे नाटकाच्या खर्चात कसे. मी म्हटलं माईकशिवाय नाटक होत नाही म्हणून माईकचे पैसे देतो ना, तसंच. मान्य झालं, एकाने नाराजीने सही केली.

कृत्तिका परत आली. पहिल्याच तालमीत तसबिरीचा प्रवेश तिने असा केला की पेटीवाले वाजवायचे थांबले.

१० ऑगस्ट, रविवार

खिडकी. या नाटकात नेपथ्यात दुसरं काही नसलं तरी चालेल, खिडकी हवीच.

पहिला प्रयत्न: जुन्या नाशकात पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडून खरी सागवानी खिडकी आणली, २,२०० रुपये. सुंदर होती, गजांवर रंगाचे चार थर दिसत होते. दोन माणसांना उचलत नव्हती. फ्लॅटवर (नेपथ्याच्या उभ्या हलक्या भिंतीवर) खिळ्यांनी बसवली आणि अर्ध्या तासात अख्खा फ्लॅट पुढे झुकला, खाली कुणी नव्हतं हे नशीब. परत केली, हजार रुपये मिळाले.

दुसरा प्रयत्न: ६ एमएमचा प्लाय, दीड बाय दोनच्या बॅटनची (लाकडी पट्ट्यांची) चौकट, मागून तिरके ब्रेस (टेकू) आणि ब्रेसच्या पायावर वाळूच्या पिशव्या. हे टिकलं. फक्त पावसाळी हवेने प्लाय खालून फुगला, आधी प्रायमर मारायला हवा होता.

खिडकी मी दोन झडपांची काढली होती, मधून उघडणारी. आमच्या आई (सासूबाई, वय ७४) तालीम बघायला आल्या होत्या. त्यांचं माहेर जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या वाड्यातलं. खिडकी बघून म्हणाल्या, ‘दोन्ही उघड्या कशा गं? आम्ही एकच उघडायचो. दोन्ही उघडल्या की लगेच कुणीतरी विचारायचं, कुणाची वाट बघतेस?’ आणि उठून त्यांनी करून दाखवलं. डावी झडप बंद, उजवी वीतभर उघडी, आपण झडपेच्या आड, एक डोळा फटीला. हात कडीवर, म्हणजे कुणी वर बघितलं की ओढून घ्यायची.

आम्ही सगळे गप्प झालो. मग सुताराला सांगून डावी झडप कायमची पक्की केली. आता कृत्तिकेला रस्ता अर्धाच दिसतो. ती चुकीचं बघते कारण तिला बघायला तेवढीच फट दिलीय, हे न बोलता दिसायला लागलं.

१७ ऑगस्ट, रविवार

चक्कर. सगळ्यात जास्त वेळ या चाळीस सेकंदांनी खाल्ला.

अडचण अशी की प्रेक्षकांना दिसलं पाहिजे की फाल्गुनराव फक्त मदत करतोय, आणि त्याच क्षणी कृत्तिकेला दिसलं पाहिजे की मिठी आहे. एकच हालचाल, दोन अर्थ. पहिल्यांदा रेवती स्टेजच्या मध्यावर पडायची, कोपराला लागलं तिच्या, आणि खिडकीतून सगळं स्वच्छ दिसायचं, मग संशय यायचं कारणच काय.

जमलं ते असं: खिडकी मागे डाव्या कोपऱ्यात, दोन फुटी लेव्हलवर (स्टेजवरच्या उंच चौथऱ्यावर). रेवती उजवीकडून येते, पडताना आधी गुडघे वाकवते मग डावा खांदा सोडते, सरळ मागे पडायचं नाही, नऊवारीत तोल जातो. फाल्गुनराव खिडकीकडे पाठ करून तिला धरतो. प्रेक्षकांना त्याचा घाबरलेला चेहरा दिसतो, तो उपरण्याने वारा घालतोय हे दिसतं. कृत्तिकेला दिसते त्याची पाठ आणि त्याच्या खांद्यावर आलेला रेवतीचा हात. तो हात फार महत्त्वाचा, बांगड्यांसकट वरून दिसला पाहिजे. तसबीर डाव्या हातातून सुटते, खिडकीच्या खाली.

मी स्वतः लेव्हलवर चढून फटीतून बघितलं तेव्हा कुठे बरोबर जागा सापडली. बाकी सगळी दिग्दर्शनं खुर्चीत बसून करता येतात, हा प्रवेश नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आमची रेवती कॉलेजात आहे. आज ती अडून बसली, ‘ताई, हिच्याकडे पैसे आहेत, घर आहे, गाणं आहे, हिला लग्नच का हवंय एवढं?’ प्रश्न खरा आहे आणि उत्तर न देता तालीम पुढे नेली असती तर ती शेवटपर्यंत खोटी बोलली असती.

रेवती नायकिणीची मुलगी. त्या काळात तिला कुणीही आवडू शकत होतं, पण तिच्याशी कुणी लग्न करत नसे. कृत्तिकेला लग्नातून सुटका नाही आणि रेवतीला लग्नात प्रवेश नाही. अश्विनशेठला तिच्यावर संशय यायला जेवढा कमी वेळ लागतो त्याचं कारणही तिचा जन्मच. कृत्तिकेला निदान ‘मी बायको आहे’ म्हणून भांडता येतं, रेवतीला कोणत्या नात्याने भांडायचं? लग्न म्हणजे तिच्यासाठी भांडायचा हक्क, असं मी म्हटलं. ती थोडा वेळ बसली आणि मग ‘संशय का मनी आला’ पुन्हा म्हणायला घेतलं. आधी छान म्हणायची. आज आवाज जरा फाटला, तोच ठेवायला सांगितला.

सूर (पेटीच्या पट्टीप्रमाणे): अश्विनशेठ काळी एक, रेवती काळी चार. दोघांची पदं लागोपाठ आली की तबला बदलायला वेळ लागतो, मध्ये भादव्याचा एक मिनिटाचा तुकडा टाकला.

२४ ऑगस्ट, रविवार

तसबीर. पहिली ४ बाय ६ इंच, आठव्या रांगेतून दिसेना. दुसरी ए-फोर, दिसली, पण एवढी मोठी फ्रेम हातात घेऊन कोण रस्त्याने जातं, आणि पडली की काच फुटली. तिसरी ५ बाय ७, पितळी रंगाची फ्रेम, काच काढून टाकली कारण हॅलोजनचा उजेड थेट प्रेक्षकांच्या डोळ्यात जात होता. फोटो अश्विनशेठचाच, पोशाखात काढून तपकिरी केलेला. मधे त्याची पगडी बदलली तर परत प्रिंट काढावी लागली. म्हणजे कपडे पक्के झाल्याशिवाय तसबीर काढू नका.

३ सप्टेंबर, बुधवार

रंगीत तालीम. शेवट अजून बसत नव्हता. सगळ्यांचा संशय फिटतो तिथे आम्ही सवयीने कृत्तिकेला नवऱ्याच्या पाया पडायला लावलं होतं. संहितेतून नव्हे, आमच्याच डोक्यातून आलेली हालचाल. दोघंही चुकले आणि वाकते एकटी, हे इतक्या तालमींत कुणाला खटकलं नाही. फाल्गुनरावानेच आज म्हटलं, ‘मला उभं राहून हे घेताना कसंतरी होतं.’

बदल: तसबीर दोघांच्या हातात, एका टोकाला तो, एका टोकाला ती, दोघं मिळून रेवतीला परत देतात. मग शेवटचं पद. चार मिनिटांत बसलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रयोग. वेळ १ तास ३१. दुसऱ्या प्रवेशात अश्विनशेठचा कॉलर माईक बंद पडला, त्याने पुढे येऊन खणखणीत आवाजात पद म्हटलं, जुने नट असेच म्हणत असणार. मधे दहा मिनिटं पाऊस, पुढच्या दोन रांगा मागे सरकल्या.

चक्कर आली तेव्हा मोठा हशा. मग वर झडप करकरली, वीतभर उघडली. हसता हसता लोक वर बघायला लागले आणि आवाज हळूहळू बसत गेला. उजव्या बाजूला बसलेल्या आजींच्या घोळक्यातून एक आवाज आला, ‘बाई गं.’ तिथून पुढे ते फाल्गुनरावाला हसले तसेच कृत्तिकेलाही हसले, पण ‘आली बया’ वालं हसू एकदाही आलं नाही. मी विंगेत उभी होते, हे सगळं कानांनीच बघितलं.

७ सप्टेंबर, रविवार

हिशोब. खिडकीत बुडालेले १,२००, प्लाय-बॅटन-रंग-सुतार ४,८५०, तसबिरी ८६०, कपड्यांचं भाडं ३,९०० (वाया गेलेल्या नऊवारीसकट), तबला ३,०००, माईक २,४००, झेरॉक्स ६४०, डबे ८४ गुणिले ६० म्हणजे ५,०४०. एकूण २१,८९०. सोसायटीने १५,००० दिले, उरलेले ६,८९० दहा जणांनी वाटून घेतले, प्रत्येकी ६८९. फ्लेक्सचे पैसे कमिटीने वेगळे सोसले.

सगळ्यात मोठा खर्च डब्यांचा, आणि यातला एकच खर्च मी पुढच्या वेळी वाढवणार आहे तो हाच. पुरुष नटांपैकी दोघांनी विचारलंय की आम्हालाही मिळेल का, घरी आम्हीच करतो. हे आधी कळलं असतं तर त्यांचीही नावं यादीत असती.

खिडकी पाथर्डी फाट्याजवळच्या एका मंडळाने नवरात्रासाठी मागितलीय. खालचा फुगलेला प्लाय कापून नवी पट्टी लावायची आहे, प्रायमरचे दोन हात द्यायचेत. डावी झडप उघडत नाही, ती बिघडलेली नाहीये, तशीच ठेवा, असं मागे मार्करने लिहून देतेय.